बंद पाकिटाची कसोटी

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हस्साबिस आणि जॉन जम्पर यांना प्रथिनांवरच्या संगणकी कामासाठी मिळालं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या विज्ञानचर्चेत दोन फळ्या पडल्या आहेत. एक फळी म्हणते, प्रथिनांचे आकार आता संगणक सांगतो, उद्या रोगांची कारणं सांगेल, परवा औषधं. तेव्हा परीक्षानळ्या आवरा आणि सर्व्हर घ्या. दुसरी म्हणते, यंत्र नुसते आकृतिबंध हुडकतं, त्याला 'का' ते कळत नाही. हे विज्ञान नव्हे, ही आकडेमोडीचा मुलामा दिलेली कुंडली आहे. टाळ्या दोघांनाही मिळतात. मला दोन्ही फळ्यांची मांडणी कच्ची वाटते, कारण दोघांचीही नजर यंत्रावर खिळली आहे. जीवशास्त्रातल्या नोंदींमध्ये संगणकाने आकृतिबंध शोधणं हे विज्ञानच आहे आणि ते आजचंही नाही. पण सापडलेला आकृतिबंध खरा की भास, हे यंत्राच्या ताकदीवर ठरत नाही. मूळ नोंदी कोणाच्या आणि किती चोखपणे घेतल्या, आणि शोधणाऱ्याने कधी न पाहिलेल्या नोंदींवर त्या आकृतिबंधाला चुकायची संधी दिली का, यावर ते ठरतं. आणि आपल्या चर्चेत नेमक्या याच दोन गोष्टींवर कोणी बोलत नाही.

आधी दुसऱ्या फळीचं बघू, कारण तिचा सूर अधिक गंभीर असतो. 'का' कळल्याशिवाय विज्ञान नाही, हे म्हणणं इतिहासाला मान्य होईल का? मेंडेलेयेवने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठ्ठावीस वर्षं होती. मूलद्रव्यांचे गुण ठरावीक अंतराने का परततात, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्याने रिकामी ठेवलेली घरं गॅलियम, स्कँडियम आणि जर्मेनियमने भरली. डीएनएमध्ये अ‍ॅडेनीन जितकं तितकंच थायमीन आणि ग्वानीन जितकं तितकंच सायटोसीन, हा १९५० च्या सुमाराचा शारगाफचा निष्कर्ष म्हणजे निव्वळ आकृतिबंध होता. तो का, हे १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांच्या दुहेरी सर्पिलाने सांगितलं. शारगाफने 'का' सापडेपर्यंत गप्प बसायला हवं होतं का?

संगणकाचीही गोष्ट तीच. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये तोवर माहीत असलेल्या प्रथिनांच्या अमिनो आम्लांचे क्रम एका संग्रहात छापले. प्रथिनं होती पासष्ट. एवढ्याशा संग्रहाचं काय करायचं, असं तेव्हाही लोकांना वाटलं असणारच. पण १९८३ मध्ये सॅन डिएगोच्या रसेल डूलिटल यांनी स्वतः जमवलेल्या अशाच क्रमांच्या साठ्यात एक नवा क्रम ताडून पाहिला, तेव्हा माकडांत कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूचं जनुक आणि जखम भरताना रक्तपट्टिका सोडतात तो वाढीचा घटक, हे जवळजवळ एकच निघाले. लंडनच्या एका गटालाही त्याच सुमारास तेच दिसलं. कर्करोग म्हणजे शरीराच्याच वाढीच्या यंत्रणेवर कोणीतरी केलेला कब्जा, या कल्पनेला इतका थेट पुरावा तोवर नव्हता. आणि तो मिळाला दोन अक्षरमाळा शेजारी शेजारी ठेवून.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र स्पेनमधल्या अलिकांतेचं. फ्रान्सिस्को मोहिका हा तिथल्या मिठागरांत राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचा अभ्यासक. १९९३ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की या जीवाच्या डीएनएत साधारण तीस अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि दोन पुनरावृत्तींच्या मधे दर वेळी वेगळाच मजकूर असतो. जपानमध्ये ओसाकाच्या गटाला १९८७ मध्ये एका अगदी दूरच्या जिवाणूत असंच काहीतरी दिसलं होतं, आणि त्यांनी ते नोंदवून सोडून दिलं होतं. मोहिकाने दहा वर्षं सोडलं नाही. पुनरावृत्तीचा अर्थ लागेना, म्हणून २००३ मध्ये तो मधला मजकूर घेऊन बसला. असे साडेचार हजार तुकडे त्याने सार्वजनिक जनुकसंग्रहांशी संगणकावर ताडून पाहिले. जुळले फक्त अठ्ठ्याऐंशी. पण त्यांतले दोन तृतीयांश विषाणूंचे किंवा विषाणूंसारख्याच घुसखोर डीएनएचे होते, आणि ज्या जिवाणूत ज्या विषाणूचा तुकडा, त्याला तो विषाणू बाधत नव्हता. म्हणजे जिवाणू जुन्या शत्रूंची ओळखपत्रं जपून ठेवतात! नावाजलेल्या नियतकालिकांनी लेख परत पाठवला. तो छापून यायला २००५ उजाडलं. २००७ मध्ये दानिस्को या दुग्धप्रक्रियेशी संबंधित कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी दही लावणाऱ्या जिवाणूवर प्रयोग करून ते सिद्ध केलं, आणि त्याच वाटेवर क्रिस्पर या डीएनए हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्राचं २०२० चं नोबेल आलं (ते मोहिकाला मिळालं नाही, ही खंत स्पेनमध्ये अजून आहे). यातलं विज्ञान कुठलं? दह्यातला प्रयोग विज्ञान आणि त्याआधीची ताडाताड कारकुनी, असं म्हणायचं असेल तर म्हणा. पण काय शोधायचं ते प्रयोग करणाऱ्यांना कोणी सांगितलं?

आता या दुसऱ्या फळीचा खरा मुद्दा. तो 'का' चा नाहीच. खरा मुद्दा हा की आकृतिबंध स्वस्त झाले आहेत. मोहिकाकडे साडेचार हजार तुकडे होते. आज एका रुग्णाच्या एका गाठीतून वीस हजार जनुकांची मोजमापं निघतात आणि रुग्ण असतात जेमतेम शंभर. इतक्या रकान्यांत आणि इतक्या कमी ओळींत बघाल ते दिसतं. २००९ मध्ये काही मेंदूसंशोधकांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली. नेहमीची आकडेमोड केली, हजारो ठिकाणी चाचणी घेतल्याबद्दलची दुरुस्ती तेवढी केली नाही, आणि मेलेल्या माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. सिडनी ब्रेनरसारखा पट्टीचा जीवशास्त्रज्ञ या घाऊक मोजमापाच्या जीवशास्त्राची, आत घालायचं थोडं, घुसळायचं प्रचंड, बाहेर काहीच नाही, अशी टर उडवायचा ती उगाच नव्हे. आणि इतिहास मेंडेलेयेवचेच दाखले देतो असं कुठे आहे? ग्रहांच्या अंतरांचा टिटियस आणि बोडे यांचा नियमही देखणा होता. युरेनस त्यात बसला, सेरेस बसला, लोकांनी त्याला निसर्गनियम मानलं; १८४६ मध्ये नेपच्यून सापडला तो भलत्याच अंतरावर. शारगाफचा नियम टिकला, बोडेचा कोसळला. दोन्ही आकृतिबंधच होते, आणि सापडले त्या दिवशी त्यांत फरक सांगता आला नसता.

वैद्यकात या फरकाची किंमत माणसं मोजतात. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध आला: रक्तातल्या प्रथिनांच्या आलेखावरून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, पन्नासपैकी पन्नास रुग्ण बरोबर. अशी चाचणी बाजारात आणायची तयारीही झाली. मग ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आकडे तपासले, तेव्हा यंत्र कर्करोग ओळखण्याऐवजी नमुन्यांवरच्या प्रक्रियेतला फरक ओळखत असल्याची चिन्हं निघाली. याच दोघांनी पुढे ड्यूक विद्यापीठातलं प्रकरण उकललं. गाठीतल्या जनुकांवरून कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी पद्धत २००६ मध्ये गाजली, तिच्या आधारे रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या, आणि हे दोघे आकडे जुळवत गेले तर जनुकांची यादी एका ओळीने घसरलेली! काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे यांची लेबलंच उलटी. चाचण्या २०१० मध्ये बंद झाल्या, शोधनिबंध मागे घेतले गेले. (ओळ घसरण्यावर हसू नये. एक्सेल हे सॉफ्टवेअर सेप्ट २ नावाच्या जनुकाचं परस्पर दोन सप्टेंबर करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी पाचव्या हिश्श्यात हा घोळ सापडला, आणि शेवटी २०२० मध्ये सॉफ्टवेअरपुढे हात टेकून जनुकांचीच नावं बदलली.) कोविडच्या काळात छातीच्या एक्स-रेवरून आजार ओळखणाऱ्या प्रणालींचा पूर आला. केंब्रिजच्या पुढाकाराने २०२१ मध्ये झालेल्या आढाव्यात बासष्ट शोधनिबंध बारकाईने तपासले. दवाखान्यात वापरण्याजोगा एकही निघाला नाही. काहींमध्ये कोविडचे एक्स-रे प्रौढांचे होते आणि कोविड नसलेले लहान मुलांचे. यंत्र मूल आणि मोठं माणूस यांतला फरक शिकलं होतं.

इथे दुसरी फळी म्हणेल, झालं की सिद्ध. पण या चुका पकडल्या कोणी? 'हे विज्ञानच नव्हे' म्हणून पाठ फिरवणाऱ्यांनी एकही पकडली नाही. त्या पकडल्या त्याच आकडेमोडीत मुरलेल्या लोकांनी, आणि त्यांना पकडता आल्या कारण मूळ मोजमापं निदान काही प्रमाणात खुली होती. आणि कुंडलीचा विषय काढलाच आहे तर तोही पुरता काढावा. जयंत नारळीकरांनी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनातल्या सहकाऱ्यांसोबत केलेली चाचणी आठवते का? शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा घेऊन कुंडल्या मांडल्या, सरमिसळ केली, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पाठवल्या आणि विचारलं, कोणती कोणाची? उत्तरं सत्तावीस जणांची आली. बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण शेकडा ४६, म्हणजे नाणं उडवण्याइतकंच. नारळीकरांनी ज्योतिषाला 'तुम्हाला का ते माहीत नाही' असं सांगून वाटेला लावलं नाही. त्यांनी उत्तरं पाकिटात बंद केली आणि भाकीत मागितलं.

प्रथिनांच्या बाबतीत हेच १९९४ पासून चाललं आहे. जॉन मोल्ट आणि सहकाऱ्यांनी कास्प नावाची स्पर्धा सुरू केली. प्रयोगशाळेत आकार उलगडला आहे किंवा उलगडत आला आहे, पण अजून जाहीर नाही, अशा प्रथिनांचे फक्त अमिनो आम्लांचे क्रम द्यायचे. जगभरच्या गटांनी आकार वर्तवायचा. मग पाकीट उघडायचं. दर दोन वर्षांनी. पहिली वीसेक वर्षं अवघड प्रथिनांवर बहुतेकांची फजितीच व्हायची, आणि ती सर्वांसमक्ष व्हायची. २०२० च्या चौदाव्या फेरीत अल्फाफोल्डने, म्हणजे गुगलच्या डीपमाइंडमधल्या हस्साबिस आणि जम्पर यांच्या प्रणालीने, दाणादाण उडवली तेव्हा जगाने त्यावर विश्वास ठेवला, तो गुगलच्या नावामुळे की पाव शतक जपलेल्या त्या बंद पाकिटामुळे? ड्यूकच्या पद्धतीला असं पाकीट कोणी लावलं असतं तर ती रुग्णांपर्यंत पोचली नसती.

पहिल्या फळीला पाकीट आवडतं, कारण निकाल तिच्या बाजूचा लागला. पण ते भरलं कोणी हे ती सांगत नाही. प्रथिनांच्या आकारांची जागतिक पेढी, पीडीबी, १९७१ मध्ये ब्रूकहेवनला सुरू झाली ती सात आकारांवर. २०२० पर्यंत तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास आकार जमले होते. त्यातल्या एकेकामागे स्फटिक तयार होईना म्हणून वाया गेलेले महिने आहेत, कित्येकांमागे एखाद्या विद्यार्थ्याची अख्खी पीएच. डी. आहे. शिवाय आकार जाहीर करायचा तर मोजमापं पेढीत जमा केलीच पाहिजेत, हा नियम नियतकालिकांच्या गळी उतरवायला झगडावं लागलं. आणि जमा झालेला आकार धड आहे की नाही हे तपासायला आजही वापरतात तो आलेख १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी मांडला. दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत एवढ्या साध्या भौतिक अटीवरून कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य हे त्यांनी काढलं. अल्फाफोल्ड शिकलं ते या पन्नास वर्षांच्या सार्वजनिक, तपासलेल्या साठ्यावर. 'प्रयोगशाळेची गरज संपली' हे म्हणजे मुलाने पगार आणायला लागल्यावर शाळा पाडून टाकण्यासारखं.

या फळीचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. यंत्र आकार बरोबर सांगत असेल, तर प्रथिन घडी कसं घालतं हे त्याला कळतं की नाही, याची वाट औषध शोधणाऱ्याने बघायचं कारण नाही. वीस कोटींहून अधिक आकार २०२२ पासून फुकट उपलब्ध आहेत आणि जगभरच्या गरीब प्रयोगशाळांनाही त्यांचा उपयोग होतो. पण जिथे तसा साठा नाही तिथे काय? यंत्र तेच असूनही एक्स-रेच्या बाबतीत फजिती झाली, कारण तिथे ना पीडीबी होती ना कास्प.

आपल्याकडचा सर्वांत कडू धडा २०२१ चा. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की डिसेंबरच्या तुलनेत महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तनं असलेल्यांचं प्रमाण वाढलं आहे, पंधरा ते वीस टक्क्यांपर्यंत. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटलं. म्हणजे आकृतिबंध सापडला होता, दुसरी लाट टिपेला जायच्या आधी. पण त्याच निवेदनात हेही होतं की रुग्णवाढीशी याचा संबंध जोडण्याइतकी संख्या नाही. वैज्ञानिकदृष्ट्या ते वाक्य चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते अस्वस्थ करतं. संख्या का नव्हती? डिसेंबर २०२० मध्ये प्रयोगशाळांचं राष्ट्रीय जाळं उभं राहिलं तेव्हा बाधितांपैकी पाच टक्क्यांच्या नमुन्यांची जनुकक्रमवारी करायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही गेलो नाही. ज्या नमुन्यांचा क्रम लावला तो रुग्ण कोणत्या गावचा, किती आजारी पडला, लागण कोणाकडून, हे त्या क्रमाशी जोडलेलं क्वचितच असायचं. ब्रिटनने आपलं जाळं एप्रिल २०२० मध्येच उभं केलं आणि क्रमवारीला रुग्णांच्या नोंदींची जोड दिली, म्हणून केंटमधला विषाणू जास्त वेगाने पसरतो हे त्यांना डिसेंबरमध्ये छातीठोकपणे सांगता आलं. आपल्याकडे पुण्याची विषाणू संस्था होती, क्रम लावणारी यंत्रं होती, आकडेमोड येणारी माणसं होती. नव्हती ती जिल्ह्याच्या रुग्णालयातून निघालेल्या नमुन्याबरोबरची धड भरलेली नोंद. जागतिक आरोग्य संघटनेने त्या विषाणूच्या वंशाला चिंताजनक ठरवलं ते मे महिन्यात. तोवर स्मशानांत रांगा लागल्या होत्या.

जनुकांवरून रोगाचा धोका वर्तवण्याच्या बाबतीत तेच पुन्हा घडतं आहे. रोग आणि जनुकं यांचे संबंध शोधणाऱ्या मोठ्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असं २०१९ मध्ये मोजलं गेलं. त्यावर बेतलेली भाकितं दक्षिण आशियाई माणसाला लावली की अचूकता घसरते. तरी अशा चाचण्या आपल्याकडे विकल्या जातात. यावर उतारा म्हणून दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाचा प्रकल्प झाला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याची माहिती फरिदाबादच्या राष्ट्रीय केंद्रातून संशोधकांना द्यायला सुरुवात झाली, हे चांगलंच. पण 'सगळं खुलं करा' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना इथे एक सणसणीत उत्तर मिळतं: हावासुपाय. अमेरिकेच्या ॲरिझोनातल्या या आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिलं. त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया आणि जमातीच्या स्थलांतराचे अभ्यास त्यांना न विचारता झाले. २०१० मध्ये विद्यापीठाला नुकसानभरपाई द्यावी लागली आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं. गडचिरोली किंवा नंदुरबारमधून सिकलसेलसाठी रक्त घेताना हे विसरून चालेल का? प्रथिनाच्या आकाराला अब्रू नसते, माणसाच्या जनुकांना असते. म्हणून इथे उत्तर सरसकट खुलेपणाचं असू शकत नाही. कोणी काय वापरलं याची नोंद ठेवणारा, संमतीच्या मर्यादेत चालणारा प्रवेश हवा. पण खासगीपणाचं कारण पुढे करून माहिती कपाटात कुलूपबंद ठेवायची आणि तिच्यावर बेतलेले दावे मात्र पत्रकार परिषदेत करायचे, ही सोय कोणालाच मिळू नये. आकडे दाखवता येत नसतील, तर निदान तिऱ्हाइताने ते आत जाऊन तपासावेत एवढं तर शक्य आहे.

नोंदी नीट ठेवणाऱ्या माणसाला आपली व्यवस्था काय देते? आमोस बाइरोख यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या स्विस-प्रोटमध्ये जाणकार माणसं शोधनिबंध वाचून एकेका प्रथिनाची माहिती हाताने लिहितात. जगातले असंख्य कार्यक्रम त्या नोंदींवर शिकले. १९९६ मध्ये तो संग्रह पैशांअभावी बंद पडायला आला होता, जगभरच्या वापरणाऱ्यांनी ओरड केली म्हणून वाचला. हे स्वित्झर्लंडमधलं. आपल्याकडे पुणे विद्यापीठातलं जैवमाहितीशास्त्राचं केंद्र १९८७ चं, म्हणजे उशिरा सुरुवात केली असंही म्हणता येत नाही. तरी आजचा सरासरी विद्यार्थी प्रकल्प काय असतो? परदेशी संग्रहातून माहिती उतरवून घ्यायची, तयार प्रोग्रॅम चालवायचा, रंगीत आलेख जोडायचा. स्थानिक रुग्णालयासोबत दोन वर्षं बसून पाचशे रुग्णांच्या नोंदी धड लावणाऱ्या विद्यार्थ्याला शोधनिबंध मिळत नाही, म्हणून नोकरीही मिळत नाही.

तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेने कर्करोग, क्षय किंवा हृदयविकार ओळखल्याची पुढची बातमी येईल, आणि ती येईलच, तेव्हा यंत्र मोठं की माणूस हा परिसंवाद आपण आवरता घ्यावा. विचारायचे प्रश्न फार रूक्ष आहेत. यंत्राला ज्यांच्यावरून शिकवलं ते रुग्ण कुठले, निरोगी म्हणून घेतलेले कुठले, दोघांची तपासणी एकाच यंत्रावर झाली का? ज्या रुग्णालयाचा या कामाशी काही संबंध नाही तिथल्या रुग्णांवर कोणी, कधी तपासलं आणि किती वेळा चुकलं? सरकारी पैशाने अशी प्रणाली विकत घेणाऱ्या प्रत्येक निविदेत ही उत्तरं मागणं आजच्या नियमांतही जमण्यासारखं आहे, आणि त्या निविदेतल्या रकमेचा ठरावीक हिस्सा तालुक्याच्या रुग्णालयात नोंदी ठेवणाऱ्याच्या पगारासाठी बाजूला काढणंही.